घड्याळाच्या कारखान्यातला कोच

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी फक्त घरी बोलायची आणि शाळेत सेकंड लँग्वेज म्हणून 'पास झालं तरी बस' एवढीच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला बोला, मला नको. त्यांनीच दोन सबमिशनच्या मध्ये गाठून मला लिहायला बसवलंय.

विषय सुचला तो आपल्या इंटर-हॉस्टेल फुटबॉलमुळे. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, मागच्या पावसाळ्यात सेमीफायनलला रेफरीचं घड्याळ पाण्याने बंद पडलं आणि शेवटचा गोल वेळेत की वेळेनंतर यावरून अर्धा तास भांडण झालं. मी टचलाईनवर छत्री धरून स्कोअरचं रजिस्टर सांभाळत होते. दोन्ही बाजूंनी मलाच विचारलं, आणि मी जे सांगितलं ते एकाही बाजूला पटलं नाही. त्याच मॅचमध्ये एका मुलाची कॉलरबोन मोडली. मग नोटीस लागली, टर्म संपेपर्यंत मॅचेस बंद. आमच्या मेसमध्ये आठवडाभर एकच चर्चा : चूक खेळणाऱ्यांची, रेफरीची, की ज्याने नियम केले त्याची?

त्याच सुमारास लायब्ररीत (खरं तर मशीन डिझाईनचं पुस्तक शोधत असताना) मला एक माणूस भेटला. माणूस म्हणजे जाऊन शंभर वर्षं झालेला. त्याने एका खेळाचे नियम जवळजवळ एकट्याने लिहिले, दिवसभर घड्याळाच्या कारखान्यात नोकरी करून जगातली एक जबरदस्त कॉलेज टीम तयार केली, आणि मग आपल्याच नियमांमुळे मुलं मरायला लागल्यावर काय करावं हे त्याला नीट कळलं नाही. त्याचं नाव वॉल्टर कॅम्प. अमेरिकेत त्याला अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणतात.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. अंड्याच्या आकाराचा बॉल, तो हातात घेऊन पळायचं, समोरच्याने तुम्हाला धरून आडवं पाडायचं. हेल्मेट घातलेले धिप्पाड लोक टीव्हीवर पाहिले असतील, तोच. पण कॅम्पच्या काळात हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार लागू नये म्हणून केस वाढवायचे, एवढाच उपाय!

वॉल्टर चॉन्सी कॅम्पचा जन्म ७ एप्रिल १८५९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावचा. वडील शाळामास्तर. घर लवकरच न्यू हेवनला आलं आणि न्यू हेवन म्हणजे येल कॉलेजचं गाव. (जाता जाता : हे येल नाव ज्याच्यावरून पडलं तो एलिहू येल मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्याने इकडे कमावलेल्या पैशातून कॉलेजला माल पाठवला आणि कॉलेजने त्याचं नाव लावलं. म्हणजे आपलाही थोडा हातभार आहेच म्हणायचा.)

१८७६ साली सतरा वर्षांचा कॅम्प येलमध्ये फर्स्ट इयरला दाखल झाला. तेव्हा कॉलेज फुटबॉल जेमतेम सात वर्षांचं होतं. पहिली मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्सटन यांच्यात झाली होती, एका बाजूला पंचवीस-पंचवीस जण, रटगर्सने ६-४ ने जिंकली. ती आपल्या सॉकरच्या जवळची होती. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे. हार्वर्डला मात्र बॉल हातात घेऊन पळायला आवडायचं. १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीची टीम त्यांच्याकडे येऊन रग्बी खेळून गेली आणि हार्वर्डवाले त्या खेळाच्या प्रेमातच पडले. १८७५ मध्ये त्यांनी येलला या खेळात ओढलं आणि ४-० ने धुतलं.

पुढच्या वर्षी, १८७६ च्या नोव्हेंबरात, हार्वर्डची टीम न्यू हेवनला आली. तेव्हाची एक गोष्ट सांगतात. हार्वर्डच्या कॅप्टनने येलच्या टीममध्ये उभा असलेला बारकुडा कॅम्प पाहिला आणि येलच्या कॅप्टनला विचारलं की या पोराला खेळवणार आहेस का, लागेल बिचाऱ्याला. येलचा कॅप्टन म्हणाला की दिसतो तसा नाहीये तो. त्या दिवशी येल जिंकलं. कॅम्प पुढे १८८२ पर्यंत येलकडून खेळला, कारण १८८० मध्ये पदवी घेतल्यावर तो तिथल्याच मेडिकल कॉलेजात गेला आणि तेव्हा किती वर्षं खेळावं याला काही बंधन नव्हतं. आपल्याकडे सातव्या वर्षी कॉलेजात दिसणाऱ्याला लोक वेगळ्या नजरेने बघतात, तो भाग सोडा.

पण कॅम्प आठवतो तो खेळाडू म्हणून नाही. मैदानाबाहेर तो जे करत होता ते जास्त इंटरेस्टिंग आहे. कॉलेजांचे प्रतिनिधी दरवर्षी जमून नियम ठरवायचे. लक्षात घ्या, हे प्रतिनिधी विद्यार्थीच. प्रोफेसर लोकांचा काही संबंध नाही. कॅम्प या मीटिंगांना जायला लागला आणि मरेपर्यंत जातच राहिला.

त्याला काय खटकत होतं ते सांगते. रग्बीत माणूस खाली पडला की दोन्ही टीम डोकी घालून गोल करतात, मध्ये बॉल, आणि ढकलाढकली. बॉल कुणाकडे बाहेर येईल ते देव जाणे. सगळा नशिबाचा मामला. कॅम्पच्या डोक्याला ही अनिश्चितता सहन होईना. एका टीमकडे बॉल आहे हे आधीच ठरलेलं असेल तर ती टीम विचार करू शकेल, प्लॅन आखू शकेल, असं त्याचं म्हणणं. १८८० च्या मीटिंगमध्ये त्याने दोन गोष्टी पास करून घेतल्या. पहिली, एका बाजूला पंधराऐवजी अकरा खेळाडू. (हे तो आधीपासून मागत होता आणि बाकीचे नाही म्हणत होते.) दुसरी, झटापटीऐवजी एक सरळ रेषा. रेषेच्या या बाजूला एक टीम, त्या बाजूला दुसरी. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांचा मधला माणूस तो पायाने मागे सरकवणार, मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो उचलून पुढच्याला देणार, आणि खेळ सुरू.

वाचायला किरकोळ वाटतं. पण रग्बीपासून हा खेळ वेगळा झाला तो इथेच.

आता गंमत बघा. नियमात एक भोक राहिलं. बॉल आपल्याकडे आहे तोवर आपल्याकडेच, पण किती वेळ? हे लिहिलंच नव्हतं! १८८१ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी येल-प्रिन्सटन मॅचमध्ये प्रिन्सटनने पहिला पूर्ण हाफ बॉल दाबून ठेवला. पुढे जायचंच नाही, फक्त सोडायचा नाही. दुसऱ्या हाफमध्ये येलने तेच केलं. स्कोअर ०-०. हजारो लोक थंडीत कुडकुडत बघत बसले आणि काहीच घडलं नाही. आपल्याकडे लॅब पार्टनर रीडिंग घेत नाही आणि आपल्यालाही घेऊ देत नाही, साधारण तसं. येलच्या बाजूने यात सामील कोण होतं? स्वतः कॅम्प. म्हणजे ज्याने नियम केला त्यानेच त्याचं भोक वापरलं.

१८८२ मध्ये कॅम्पने दुरुस्ती आणली. तीन प्रयत्नांत, म्हणजे तीन डाऊनमध्ये, पाच यार्ड पुढे जा, नाहीतर बॉल समोरच्याला द्या. आता पाच यार्ड झाले की नाही हे मोजणार कसं? म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेषा मारल्या. लांबून ते मैदान मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखं दिसायला लागलं आणि नावच पडलं ग्रिडआयर्न. आम्ही इंजिनिअरिंगवाले याला फीडबॅक म्हणू : सिस्टीम अडकली, कारण शोधलं, एक कंडिशन टाकली, सिस्टीम परत चालू. मला तर हा माणूस आपल्याच ब्रँचचा वाटायला लागला.

गुण मोजायची पद्धतही १८८३ पासून त्याच्याच पुढाकाराने आकड्यांत आली. आधी इतके टचडाऊन म्हणजे एक गोल वगैरे व्यवहारी अपूर्णांक चालायचे.

मेडिकल त्याने अर्धवट सोडलं. रक्त बघवत नव्हतं म्हणून, असं म्हणतात. खरं असेल तर पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा. मग तो न्यू हेवन क्लॉक कंपनीत लागला आणि तिथेच वर चढत चढत शेवटी कंपनीचा प्रेसिडेंट झाला. आयुष्यभर त्याची नोकरी ही. फुटबॉलमधून तो पगार घेत नव्हता.

आता येते १८८८ सालाकडे, कारण माझं खरं प्रेम त्या सीझनवर आहे.

त्या वर्षी जूनमध्ये कॅम्पचं लग्न झालं. मुलीचं नाव ॲलिस ग्रॅहम समनर. येलमधले प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांची ती सावत्र बहीण. आणि सप्टेंबरपासून कॅम्प येलच्या टीमचा हेड कोच. अडचण एकच. प्रॅक्टिस दुपारी, आणि दुपारी साहेब कारखान्यात. सुट्टी मिळणार नाही. मग उपाय काय काढला? ॲलिस रोज दुपारी मैदानावर जायची. टचलाईनवर चालत चालत कोण कुठे चुकला, कुणाची स्टार्ट उशिरा झाली, कुठली चाल फसली, सगळं टिपून घ्यायची. संध्याकाळी कॅम्प घरी आला की ती त्याला सगळं सांगायची. मग कॅप्टन आणि काही खेळाडू त्यांच्या घरी जमायचे आणि त्या नोंदींवरून उद्याचं ठरायचं.

हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यातच थांबले. १८८८ साल. येलमध्ये तेव्हा मुलींना पदवीच्या कॉलेजात प्रवेशच नव्हता (तो मिळायला १९६९ उजाडलं!). आणि त्याच कॉलेजची टीम एका बाईच्या वहीवरून चालत होती. पंचवीस वर्षांनी त्या टीमचं पुनर्मिलन झालं तेव्हा खेळाडूंनी कॅम्प नवरा-बायको दोघांनाही आपले कोच मानलं. मला माझं भिजलेलं रजिस्टर आठवलं. माझ्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवला नाही ते सोडा.

टीम कशी होती? कॅप्टन विल्यम कॉर्बिन, भरघोस मिशांचा. पोरं त्याला 'पा' म्हणजे बाबा म्हणायची. लाईनमध्ये मिनियापोलिसहून आलेला पज हेफेलफिंगर, फर्स्ट इयर, सव्वासहा फुटाच्या आसपास उंची आणि एवढं शरीर असून पळायला वेगवान. एका टोकाला एमोस अलोन्झो स्टॅग. हा धर्मोपदेशक व्हायला आलेला गरीब घरातला मुलगा. शिक्षणाच्या दिवसांत शेकोटी नसलेल्या माळ्यावरच्या खोलीत राहून, दिवसाला सोळा-सतरा सेंटमध्ये, शिळा पाव आणि बिस्किटं खाऊन त्याने दिवस काढले होते. मेसच्या डाळीला नावं ठेवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. मागच्या फळीत ली मॅक्लंग, जो पुढे अमेरिकेच्या सरकारी खजिन्याचा प्रमुख झाला आणि त्याची सही डॉलरच्या नोटांवर छापून आली. आणि किक मारायला बिली बुल.

सीझन सुरू झाला २९ सप्टेंबरला. वेस्लियन कॉलेजविरुद्ध ७६-०. मग रटगर्स ६५-०. मग पेनसिल्व्हेनिया, ॲमहर्स्ट, विल्यम्स. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात तर पाच दिवसांत तीन मॅचेस, आणि तिन्हीत समोरच्याला शून्य. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी वाईट बातमी : एमआयटी ६८-० ने हरलं आणि स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ६९-० ने. (आपण तरी कुठे कॉमर्सवाल्यांना हरवतो?) वेस्लियनला बिचाऱ्यांना येलने त्या सीझनमध्ये तीनदा गाठलं, तिसऱ्या वेळी १०५-०.

तेव्हा टचडाऊनला चार गुण, त्यानंतरच्या किकला दोन, आणि चालू खेळातून मारलेल्या गोलला पाच होते. आताच्यापेक्षा वेगळं. म्हणजे १०५ करायला किती वेळा पळावं लागलं असेल हिशोब करा.

शेवटची मोठी मॅच प्रिन्सटनशी, २४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. इथे मात्र दाणादाण वगैरे काही नाही. प्रिन्सटननेही भिंत उभी केली होती. येलला एकही टचडाऊन करता आला नाही. बिली बुलने दोनदा ड्रॉप किक मारून बॉल खांबांमधून घातला, पाच आणि पाच दहा. १०-०. हार्वर्डशी मॅच झालीच नाही, कारण त्यांच्या प्राध्यापकांनी टीमला न्यूयॉर्कला जायची परवानगी दिली नाही. (परवानगी न देणारे प्राध्यापक हे फार जुनं प्रकरण आहे तर!)

तेरा मॅचेस, तेरा विजय. येलचे गुण ६९८. विरुद्ध शून्य. पूर्ण सीझनभर एकाही टीमला एकही गुण नाही. आणि हे एकदाच नाही बरं का, कॅम्प कोच असताना १८९१ आणि १८९२ मध्येही असे पूर्ण शून्याचे सीझन झाले. पाच वर्षांत ६७ मॅच जिंकल्या, दोन हरल्या.

एवढ्यावर थांबले असते तर हा लेख छान संपला असता. पण त्याच १८८८ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. कॅम्पच्या पुढाकाराने नियम बदलला की समोरच्याला कमरेखाली, गुडघ्यापर्यंत धरून पाडायला परवानगी. हेतू साधा होता, बचाव करणाऱ्यांना थोडी मदत. पण परिणाम काय झाला? मोकळ्या मैदानात पळणारा माणूस आता सहज पाडता येऊ लागला. मग कुणी मोकळ्यात पळेचना. सगळे एकमेकांना चिकटून, गठ्ठ्याने, समोरच्या एका माणसावर घुसायला लागले. रेषा आकसली, गर्दी वाढली, आणि गर्दीत आत काय चाललंय, कोण गुडघा मारतंय, कोण डोळ्यात बोट घालतंय, रेफरीला दिसेना.

याचं टोक म्हणजे फ्लाइंग वेज. १९ नोव्हेंबर १८९२, स्प्रिंगफील्ड, हार्वर्ड विरुद्ध येल. ही चाल शोधली लॉरिन डेलंड नावाच्या बोस्टनच्या माणसाने. गृहस्थ स्वतः कधी फुटबॉल खेळलेला नाही, बुद्धिबळाचा शौकीन आणि नेपोलियनच्या लढायांचा अभ्यासक. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला हार्वर्डचे खेळाडू दोन गटांत लांब मागे उभे राहिले आणि पूर्ण वेगाने पळत येऊन एका बिंदूवर मिळाले, पाचरीसारखे. पाचरीच्या आत बॉलवाला. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण मोमेंटम शिकतो, मास गुणिले व्हेलॉसिटी. इथे मास म्हणजे दहा माणसं आणि ती सगळी एका उभ्या असलेल्या माणसावर. येलने ती मॅच ६-० ने जिंकली, पण पुढच्या सीझनला प्रत्येक कॉलेज पाचर घेऊनच उतरलं. १८९४ मध्ये त्या चालीवर बंदी आली. आणि त्याच वर्षीच्या हार्वर्ड-येल मॅचमध्ये इतकी मोडतोड झाली की दोन्ही कॉलेजांनी पुढची दोन वर्षं आपसात खेळणंच बंद केलं.

कॅम्प यात कुठे होता? हा प्रश्न मला त्रास देतो. १८८९ पासून तो देशभरातल्या उत्तम अकरा खेळाडूंची 'ऑल-अमेरिका' टीम निवडण्यात गुंतला (पहिल्या वर्षी सगळे अकरा हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनचेच निघाले, यावरून 'देशभर'चा अर्थ समजून घ्या). लेख लिहीत होता, पुस्तकं लिहीत होता. आणि फुटबॉल धोकादायक आहे अशी ओरड सुरू झाल्यावर त्याने एक सर्व्हे केला. जुन्या खेळाडूंना, शाळांच्या प्रमुखांना पत्रं पाठवून विचारलं की फुटबॉलने तुमचं नुकसान झालं की फायदा. उत्तरं १८९४ मध्ये पुस्तकरूपात आली आणि निष्कर्ष अर्थातच की खेळ उत्तम आहे. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचे कागद तपासले तेव्हा दिसलं की विरोधी उत्तरं त्याने बरीच बाजूला ठेवली होती. म्हणजे आपण प्रॅक्टिकलला ग्राफवर न बसणारा पॉईंट खोडरबराने पुसतो ना, तेच. फक्त इथे पॉईंट म्हणजे कुणाचा तरी मोडलेला पाय होता.

मला वाटतं तो खोटारडा नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की हा खेळ मुलांना माणूस बनवतो. ज्याने स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट घडवली त्याला तिचा दोष दिसणं अवघडच. पण समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. ॲलिसच्या वहीवर तो रोज विश्वास ठेवायचा, कारण त्यात चुका लिहिलेल्या असायच्या. मग स्वतःच्या सर्व्हेतल्या चुका का नको झाल्या?

१९०५ साल सगळ्यात वाईट गेलं. आधी मासिकांत बातम्या आल्या. येलचा १९०४ चा कॅप्टन जेम्स होगन याला फी माफ, राहायला उत्तम खोल्या, क्युबाची ट्रिप, वर कॅम्पसमध्ये विकल्या जाणाऱ्या सिगारेटवर कमिशन. आणि येलच्या खेळांच्या खात्यात सुमारे एक लाख डॉलरचा फंड, ज्याच्या किल्ल्या कॅम्पकडे. हौशी खेळाची एवढी प्रवचनं देणारा माणूस, आणि हिशोब असे.

९ ऑक्टोबर १९०५ ला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाईट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं. कॅम्पही गेला. रूझवेल्टला फुटबॉल आवडायचा, बंद करायचा नव्हता, फक्त घाण खेळ थांबवा एवढंच म्हणणं. सगळ्यांनी मान्य केलं, निवेदन काढलं. पुढच्याच महिन्यात रूझवेल्टच्या स्वतःच्या मुलाचं नाक येलच्या फर्स्ट इयर टीमविरुद्ध खेळताना मोडलं. आणि २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये युनियन कॉलेजचा हॅरॉल्ड मूर नावाचा मुलगा मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. वर्तमानपत्रांनी सीझनचा हिशोब छापला, मृत्यू १८. त्यात शाळकरी मुलंही होती. कोलंबियाने फुटबॉल बंदच करून टाकला.

आता नियम बदलणं भाग होतं. पण या वेळी पुढाकार कॅम्पकडे राहिला नाही. दुसऱ्या कॉलेजांनी वेगळी संघटना काढली (तीच पुढे एनसीएए झाली) आणि १९०६ मध्ये दोन्ही समित्या एकत्र बसल्या. इतकी वर्षं ज्या कमिटीत कॅम्पचा शब्द शेवटचा असायचा तिथे सेक्रेटरीची जागा हार्वर्डच्या बिल रीडकडे गेली. खेळ मोकळा करायला बॉल पुढे फेकायची परवानगी द्या, असं बाकीच्यांचं म्हणणं. कॅम्पला ते रुचत नव्हतं. त्याचा उपाय त्याच्या स्वभावाचा, आकड्यांचा : पाच यार्डांऐवजी दहा करा, मग गठ्ठ्याने घुसून भागणार नाही, लोक आपोआप पसरतील. शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. दहा यार्डही आले आणि फॉरवर्ड पासही आला. आज तो खेळ बघताना लोक ज्यासाठी खुर्चीतून उठतात तो लांब पास, तो कॅम्पला नको होता.

विशेष म्हणजे तो रुसून घरी बसला नाही. एवढी वर्षं राज्य केलेला माणूस साधा मेंबर म्हणून त्याच कमिटीत जात राहिला. पहिल्या महायुद्धात तर त्याने नवीनच उद्योग काढला. नौदलाच्या जवानांसाठी बारा व्यायामांचा एक छोटा संच बनवला, 'डेली डझन'. वॉशिंग्टनमधल्या मोठमोठ्या सरकारी अधिकाऱ्यांकडूनही तो सकाळी सकाळी करून घेतला, त्यात नौदल खात्यातला तरुण फ्रँकलिन रूझवेल्टही होता. पुढे या व्यायामाच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या. आपल्याकडे रेक्टर सर पहाटे पीटीसाठी दारं वाजवतात, त्यांना ही तबकडी मिळू नये एवढीच प्रार्थना.

१८८८ च्या टीमचं पुढे काय झालं? हेफेलफिंगरने १२ नोव्हेंबर १८९२ ला पिट्सबर्गजवळच्या एका क्लबकडून एका मॅचचे ५०० डॉलर घेतले आणि तो फुटबॉलमधला पहिला पैसे घेतल्याचा पुरावा असलेला खेळाडू ठरला. शिळ्या पावावर दिवस काढलेला स्टॅग धर्मोपदेशक झालाच नाही. तो शिकागो युनिव्हर्सिटीत गेला, तिथे ४१ सीझन कोच राहिला, आणि १९६५ मध्ये वारला तेव्हा १०२ वर्षांचा होता.

कॅम्प तेवढा जगला नाही. मार्च १९२५ मध्ये नियमांच्या कमिटीची वार्षिक मीटिंग न्यूयॉर्कमध्ये होती. नेहमीप्रमाणे तो आला, पहिल्या दिवशी चर्चेत बसला, रात्री हॉटेलच्या खोलीत झोपायला गेला. १४ तारखेला सकाळी मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली तरी त्याची खुर्ची रिकामी. घड्याळाच्या कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाला उशीर झाला म्हणून कुणीतरी बघायला गेलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय ६५.

तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, येलच्या स्टेडियमबाहेर त्याच्या नावाची दगडी कमान उभी राहिली. त्यासाठी देशभरातल्या शेकडो कॉलेजांनी आणि शाळांनी वर्गणी दिली.